कशाकशानुसार गट पाडायचे?

अमेरिकेतल्या बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 1973 च्या शरद सत्रासाठी पदव्युत्तर प्रवेशाचे 12,763 अर्ज आले होते. त्यांत 8,442 पुरुष होते आणि 4,321 स्त्रिया. पुरुषांपैकी सुमारे 44 टक्क्यांना प्रवेश मिळाला, स्त्रियांपैकी सुमारे 35 टक्क्यांना. इतक्या मोठ्या संख्येत नऊ टक्क्यांची तफावत योगायोगाच्या नावावर खपवता येत नाही, त्यामुळे विद्यापीठ स्त्रियांना डावलतं की काय हा संशय अगदी रास्त होता. बिकेल, हॅमेल आणि ओ'कॉनेल या तीन अभ्यासकांनी हेच अर्ज विभागवार तपासले आणि 1975 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. विभागवार पाहिल्यावर स्त्रियांच्या विरोधातली ती ठळक तफावत राहिलीच नाही, उलट एकंदर कल किंचित स्त्रियांच्या बाजूला झुकलेला दिसला. अर्ज तेच होते, निर्णयही तेच होते, एकाही नोंदीला कुणी हात लावला नव्हता. पहिल्या खेपेला नोंदींचे गट एका कॉलमनुसार पाडले होते, दुसऱ्या खेपेला दोन कॉलमनुसार, एवढाच काय तो फरक.

डेटाबेसवर काम करणाऱ्यांना ही कृती चांगलीच परिचयाची आहे. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत ‘ग्रुप बाय’ लिहायचं, पुढे एका कॉलमचं नाव द्यायचं, आणखी एक हवा असेल तर स्वल्पविराम देऊन त्याचंही नाव लिहायचं. शिकवणीत हा भाग पाच मिनिटांत उरकला जातो, कारण लिहायला तो खरोखरच सोपा आहे. माझं म्हणणं असं की त्या स्वल्पविरामानंतर काय येतं यावर आपण डेटाला नेमकं काय विचारतो आहोत हे ठरतं, आणि तो निर्णय अहवालाच्या मांडणीचा तपशील समजून घाईत उरकण्यासारखा नाही. बर्कलीच्या तक्त्यात ‘ग्रुप बाय लिंग’ म्हटलं तेव्हा प्रश्न होता, स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी प्रमाणात प्रवेश मिळाला का? ‘ग्रुप बाय विभाग, लिंग’ म्हटलं की प्रश्न होतो, एकाच विभागाचं दार ठोठावणाऱ्या स्त्री आणि पुरुषाला त्या विभागाने वेगळी वागणूक दिली का? दोन्ही प्रश्नांची उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याचं म्हणून खपवलं की घोळ सुरू होतो.

आधी यंत्र नेमकं काय करतं ते पाहू. समजा अर्जांचा तक्ता आहे आणि प्रत्येक ओळीत एका अर्जदाराचा विभाग, लिंग आणि निकाल आहे. ‘सिलेक्ट विभाग, लिंग, काउंट(*) फ्रॉम अर्ज ग्रुप बाय विभाग, लिंग’ ही क्वेरी चालवली की डेटाबेस प्रत्येक ओळीतली विभाग आणि लिंग ही दोन मूल्यं उचलतो आणि त्यांची मिळून एक जोडी धरतो. ‘ए, स्त्री’ ही एक जोडी, ‘ए, पुरुष’ ही दुसरी, ‘बी, स्त्री’ ही तिसरी. ज्या ओळींची जोडी तंतोतंत जुळते त्या एका गटात जातात आणि मोजणी गटागटाने होते. त्यासाठी डेटाबेस एकतर सगळ्या ओळी जोडीनुसार क्रमाने लावून घेतो, नाहीतर प्रत्येक जोडीसाठी हॅश तक्त्यात एक खण उघडून तिथला आकडा वाढवत जातो. कोणता मार्ग घ्यायचा हे ओळींची संख्या, उपलब्ध स्मृती आणि इंडेक्स बघून तो स्वतःच ठरवतो. आधी विभागाचे गट आणि मग त्यांच्या पोटात लिंगाचे उपगट, अशी उतरंड इथे नसते. म्हणूनच ‘ग्रुप बाय लिंग, विभाग’ असं उलटं लिहिलं तरी गट तेच पडतात आणि आकडेही तेच येतात. ओळी वेगळ्या क्रमाने छापलेल्या दिसल्या तर तो निव्वळ योगायोग समजावा. क्रम हवा असेल तर ‘ऑर्डर बाय’ने तो मागूनच घ्यावा लागतो.

इथे नवशिक्यांचा, आणि खरं सांगायचं तर अनुभवी लोकांचाही, पाय घसरण्याची एक जागा आहे. क्वेरीत विभागवार संख्या मागितलेली असते आणि कुणीतरी म्हणतं, अर्जाची तारीखही दिसू दे. ‘सिलेक्ट’च्या यादीत तारीख घातली की डेटाबेस हरकत घेतो आणि सांगतो की हा कॉलम ‘ग्रुप बाय’मध्येही नाही आणि कोणत्या बेरजेत किंवा मोजणीतही नाही. हरकत योग्यच आहे. बर्कलीच्या ए विभागाच्या 933 अर्जांच्या तारखा वेगवेगळ्या असणार, मग त्या एका ओळीत त्याने कोणती दाखवावी? मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्या मूळ सेटिंग असताना अशा वेळी गटातली कोणतीही एक तारीख गुपचूप उचलून द्यायच्या. 2015 साली आलेल्या 5.7 आवृत्तीपासून तिथेही मूळ सेटिंग कडक झालं. हरकत आली की हाताशी असलेला सोपा उपाय म्हणजे तारीख ‘ग्रुप बाय’मध्येही टाकून मोकळं होणं. क्वेरी चालते, लाल अक्षरं जातात, पण आता मोजणी विभागवार राहिलेली नसते. ती विभाग आणि तारीख यांच्या जोडीगणिक झालेली असते, आणि विभागागणिक एका ओळीच्या जागी शेकडो ओळी येतात. त्यांची पुढे कुणी सरासरी काढली तर ती भलत्याच गोष्टीची सरासरी असते. चूक दाखवणारा संदेश बंद करण्यासाठी कॉलम घालणं म्हणजे प्रश्न कळत नाही म्हणून तोच बदलून टाकणं आहे. खरं तर इथे विचारायला हवं होतं, कोणती तारीख हवी आहे? पहिली हवी तर किमान मूल्य मागा, शेवटची हवी तर कमाल.

याला एक न्याय्य अपवाद आहे. विभागाचा संकेतांक आणि विभागाचं नाव हे दोन्ही कॉलम ‘ग्रुप बाय’मध्ये घातले तर एकही गट फुटत नाही, कारण संकेतांक ठरला की नाव ठरतंच. एसक्यूएलच्या 1999 च्या प्रमाणकात ही बाब मान्य झाली. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये प्राथमिक किल्लीनुसार गट पाडले असतील तर त्या टेबलमधले बाकीचे कॉलम ‘ग्रुप बाय’मध्ये न लिहिताही मागता येतात. म्हणजे जोडले जाणारे कॉलम दोन जातींचे असतात. काही गट तसेच ठेवून फक्त माहिती वाढवतात आणि काही गटच फोडतात. लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात. त्यांतला भेद डेटाचा अर्थ ठाऊक असणाऱ्यालाच करता येतो.

आता बर्कलीचे आकडे जवळून पाहू. अर्जांच्या संख्येने मोठ्या असलेल्या सहा विभागांची माहिती ए ते एफ अशा अक्षरांनी प्रसिद्ध आहे. त्या सहांत मिळून 4,526 अर्जदार होते. 2,691 पुरुषांपैकी 1,198 जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे 44.5 टक्के. 1,835 स्त्रियांपैकी 557 जणींना मिळाला, म्हणजे 30.4 टक्के. फरक चौदा टक्क्यांचा, सगळ्या विद्यापीठाच्या आकड्यापेक्षाही मोठा. आता विभाग हा दुसरा कॉलम घालू. ए विभागात 825 पुरुषांपैकी 512 जण आत गेले, 62 टक्के. 108 स्त्रियांपैकी 89 गेल्या, 82 टक्के. बी विभागात पुरुष 560 पैकी 353, म्हणजे 63 टक्के. स्त्रिया 25 पैकी 17, म्हणजे 68 टक्के. सी विभागात पुरुष किंचित पुढे आहेत, 37 विरुद्ध 34 टक्के. डीमध्ये स्त्रिया 35, पुरुष 33. ईमध्ये पुन्हा पुरुष पुढे, 28 विरुद्ध 24. एफ विभागात सगळ्यांचीच वाट बिकट होती, पुरुष 6 टक्के आणि स्त्रिया 7. सहापैकी चार विभागांत स्त्रियांचं प्रमाण जास्त आणि उरलेल्या दोनांत पुरुषांची आघाडी तीन-चार टक्क्यांची. तरीही सगळं एकत्र केलं की स्त्रिया चौदा टक्क्यांनी मागे.

हे कसं घडतं ते अर्ज कुठे गेले हे पाहिलं की उलगडतं. ए आणि बी हे साठ टक्क्यांहून अधिक पुरुषांना घेणारे, म्हणजे प्रवेशाला त्यातल्या त्यात सोपे विभाग. पुरुषांच्या 2,691 अर्जांपैकी 1,385 अर्ज, निम्म्याहून थोडे अधिक, या दोन विभागांत होते. स्त्रियांच्या 1,835 अर्जांपैकी तिथे होते फक्त 133, जेमतेम 7 टक्के. बाकीच्या 93 टक्के स्त्रियांनी अर्ज केले ते तीनातल्या सुमारे दोघांना, किंवा त्याहून जास्त जणांना, परत पाठवणाऱ्या विभागांत. एका कॉलमनुसार गट पाडताना हे सगळे विभाग एका ढिगात मिसळतात, आणि त्या ढिगाचा दर ठरवताना कोण किती अवघड विभागात गेलं याचं वजन गुपचूप हिशेबात शिरतं. ते वजन काढून टाकायचा सरळ मार्ग असा, की प्रत्येक विभागात अर्जदारांची एकूण संख्या आहे तीच धरायची आणि तिला आधी स्त्रियांचा दर लावायचा, मग पुरुषांचा. तसा हिशेब केला तर स्त्रियांचा एकत्रित दर सुमारे 43 टक्के निघतो आणि पुरुषांचा सुमारे 39. चौदा टक्क्यांची पिछाडी चार टक्क्यांची आघाडी होते. संख्याशास्त्रज्ञांना हा प्रकार फार पूर्वीपासून माहीत होता. उडनी यूल यांनी 1903 साली त्याची चर्चा केली आणि एडवर्ड सिम्प्सन यांच्या 1951 च्या लेखामुळे आज तो सिम्प्सनचा विरोधाभास म्हणून ओळखला जातो. एसक्यूएल त्यानंतर दोन दशकांनी आली. पण ज्या एका ओळीच्या क्वेरीने हा विरोधाभास रोज कुठल्या ना कुठल्या कार्यालयात नकळत घडतो, ती तिचीच देणगी आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की दोन कॉलम एकत्र घ्यायची गरजच काय? एक अहवाल लिंगवार काढावा, दुसरा विभागवार, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत. बहुतेक कार्यालयांत हेच चालतं, आणि ते पुरेसं वाटतं याचं कारण दोन्ही अहवालांतली एकूण बेरीज जुळते. पण बेरीज जुळल्याने आतली वाटणी कळत नाही. सहा विभागांत मिळून 1,835 स्त्रिया आहेत आणि ए विभागात एकूण 933 अर्ज आहेत, एवढंच माहीत असेल तर ए विभागात स्त्रिया किती? शून्यापासून 933 पर्यंत कोणताही आकडा या दोन बेरजांशी सुसंगत आहे. खरा आकडा 108 आहे, आणि तो या दोन अहवालांतून कुणालाही, कितीही हुशारीने, काढता येणार नाही. जोडीवार गटांपासून एकेका कॉलमच्या गटांकडे बेरीज करून जाता येतं, उलट दिशेने परतीची वाट नाही. ही बेरीजही मोजणीपुरतीच सुरक्षित आहे. सहा विभागांचे टक्के घेऊन त्यांची सरसकट सरासरी काढली तर स्त्रियांचा दर सुमारे 42 आणि पुरुषांचा सुमारे 38 येतो, आणि मूळ 30 आणि 44 यांच्याशी त्याचं काही नातं उरत नाही. 25 अर्जदारांच्या खणाला आणि 593 अर्जदारांच्या खणाला तिथे एकच मान मिळालेला असतो. म्हणून मधल्या टप्प्यावर टक्केवारी साठवून ठेवू नये. किती अर्ज आले आणि किती मंजूर झाले हे दोन आकडे ठेवावेत, टक्के अखेरीस काढावेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एका कॉलमने दिशाभूल होते आणि दोनांनी सुटका होते, तर मग तीन का नकोत, पाच का नकोत? हाताशी असलेले सगळेच कॉलम घालून टाकावेत. पण प्रत्येक नव्या कॉलमबरोबर खणांची संख्या गुणाकाराने वाढते आणि खणातल्या नोंदी त्याच वेगाने घटतात. बर्कलीत दोनच कॉलम घेतले तरी बी विभागातल्या स्त्रियांच्या खणात 25 जणी उरल्या. त्यांतल्या एकीचा निकाल वेगळा लागता तर 68 टक्क्यांचे 64 किंवा 72 झाले असते. अशा खणावर कुठलाही मोठा दावा उभा करणं धोक्याचं आहे. त्यात अर्जदाराचं वय, राज्य आणि आधीची पदवी हे कॉलम घाला, की बहुतेक खणांत एक-दोन माणसं उरतील आणि त्यांचा दर शून्य किंवा शंभर टक्के येईल. कॉलम वाढवत वाढवत अर्ज क्रमांकापर्यंत गेलो तर प्रत्येक गटात एकच ओळ असते. म्हणजे गट पाडलेच नाहीत असं झालं. शिवाय लहान खणात माणूस ओळखू येतो. एखाद्या गावातल्या ठरावीक वयाच्या आणि ठरावीक व्यवसायाच्या एकाच स्त्रीचा गट छापला तर ती कोण हे गावाला सांगावं लागत नाही, म्हणून सार्वजनिक आकडेवारीत फार बारीक खण झाकून ठेवावे लागतात. तेव्हा जास्त कॉलम म्हणजे जास्त सत्य असा काही नियम नाही. ज्या कॉलममुळे तुलना न्याय्य होते तेवढेच घ्यावेत.

बारीक खणांबरोबर रिकामे खणही येतात, आणि इथे डेटाबेसची एक सवय लक्षात ठेवायला हवी. जी जोडी डेटात एकदाही आलेली नाही तिची ओळ उत्तरात येतच नाही. एखाद्या विभागात एकाही स्त्रीने अर्ज केला नसता तर ‘स्त्री, शून्य’ अशी ओळ दिसली नसती. ती जोडीच तक्त्यातून गायब झाली असती. वाचणाऱ्याला शून्य बोचतं, पण गैरहजेरी नजरेतून सुटते. मला तर ‘ग्रुप बाय’चं सर्वांत घातक वागणं हेच वाटतं, कारण ज्यांची उणीव सगळ्यात जास्त तेच उत्तरात सगळ्यात कमी दिसतात. यावर उपाय आहे. सगळे विभाग आणि सगळी लिंगं यांच्या शक्य तेवढ्या जोड्या आधी ‘क्रॉस जॉइन’ने तयार करायच्या आणि त्यांना अर्जांचा तक्ता ‘लेफ्ट जॉइन’ने जोडायचा. मात्र मोजताना ‘काउंट(*)’ ऐवजी अर्ज क्रमांकाचा कॉलम मोजायचा, नाहीतर रिकाम्या जोडीलाही एक गुण मिळतो. याच्या शेजारचीच दुसरी गोष्ट नलची, म्हणजे न भरलेल्या मूल्याची. एसक्यूएलमध्ये एक नल दुसऱ्या नलच्या बरोबरीचं आहे का असं विचारलं तर उत्तर ‘हो’ येत नाही, पण गट पाडताना मात्र सगळे नल एकाच गटात बसवले जातात. ज्यांनी लिंगाचा रकाना रिकामा सोडला त्या सगळ्यांचा मिळून एक गट होतो, आणि जणू ती एकजिनसी माणसं आहेत असा त्यांचा दर छापला जातो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत टोकदार आहे. कॉलम निवडायची मुभा असेल तर ज्याला जे सिद्ध करायचं आहे ते तो सिद्ध करेल. विद्यापीठाचा वकील विभागाचा कॉलम घालेल, तक्रारदाराचा वकील तो काढून टाकेल. यातलं कोणतं उत्तर खरं? डेटाबेस याचं उत्तर देत नाही आणि देऊ शकतही नाही, कारण ते डेटाच्या बाहेरच्या जगात असतं. आपल्याकडचं उदाहरण घेऊ. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे 929 स्त्रिया होत्या. जिल्ह्यानुसार गट पाडले तर रत्नागिरीत 1,122, सिंधुदुर्गात 1,036, मुंबई उपनगरात 860 आणि मुंबई शहरात 832. एवढ्यावर कुणी म्हणालं की कोकणात मुलींचं स्वागत होतं आणि मुंबईत नाही, तर ते फसेल. वयोगट हा दुसरा कॉलम घातला की रत्नागिरीत शून्य ते सहा वयाच्या मुलांत मुलींची संख्या हजाराच्या खालीच दिसते. मोठ्या वयात स्त्रियांचा आकडा चढतो, कारण कामधंद्यासाठी पुरुष मुंबईला गेलेले असतात आणि तिथल्या शिरगणतीत मोजले जातात. एका जिल्ह्यातले चाकरमानी दुसऱ्या जिल्ह्याच्या आकड्यात बसलेले असतात. उलट बीड जिल्ह्याचं एकंदर प्रमाण 916, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या फार खाली नाही. पण शून्य ते सहा वयोगटाचा खण उघडला की तिथे 807 हा आकडा निघतो, आणि राज्याचा त्याच वयोगटाचा आकडा 894 आहे. चार वर्षांचं मूल नोकरीसाठी एकटं दुसऱ्या जिल्ह्यात जात नाही, त्यामुळे स्थलांतराचं स्पष्टीकरण इथे चालत नाही. जिल्हा हा एकच कॉलम घेतला असता तर रत्नागिरीचं कौतुक झालं असतं आणि बीडकडे कुणाचं लक्षही गेलं नसतं.

वयोगट हा कॉलम इथे का योग्य ठरतो? आपल्याला जन्मापूर्वी आणि बालपणी मुलींचं काय होतं हे जाणून घ्यायचं आहे आणि स्थलांतर त्यात भेसळ करतं. वय घेतल्याने ती भेसळ वेगळी होते. याच कसोटीवर बर्कलीचा विभाग घासून पाहता येतो. प्रवेशाचा निर्णय विभाग घेत होते, केंद्रीय कार्यालय घेत नव्हतं. कोणत्या विभागात अर्ज करायचा हे अर्जदाराने निर्णयाच्या आधी ठरवलेलं असे. निवड समितीने पक्षपात केला का, असा प्रश्न असेल तर एका समितीपुढे आलेल्या स्त्री-पुरुषांचीच तुलना व्हायला हवी, आणि त्यासाठी विभागाचा कॉलम अपरिहार्य आहे. याउलट जो कॉलम निर्णयानंतर भरला गेला, उदाहरणार्थ प्रवेश मिळाल्यावर दिलेली शिष्यवृत्ती, त्यानुसार गट पाडून प्रवेशाचा दर काढणं निरर्थक, कारण त्या गटांत निकाल आधीच शिरलेला असतो. कॉलमचं मूल्य कधी ठरलं आणि कुणी ठरवलं, हे दोन प्रश्न विचारले तर वकिली हेतूने घुसवलेले बरेच कॉलम गळून पडतात. सगळे पडत नाहीत, हेही मान्य करायला हवं.

विभागाचा कॉलम घातल्याने बर्कलीत सगळं आलबेल होतं असंही ठरत नाही. त्या तिघा अभ्यासकांनीच पुढचं म्हटलं होतं. ज्या विषयांकडे स्त्रिया जास्त संख्येने वळत होत्या तिथे अर्जदारांची गर्दी होती, पैसा कमी होता आणि पदवी पुरी होण्याचं प्रमाणही कमी होतं. त्यांना तिकडे वळवण्याचं काम निवड समित्यांच्या आधी, शाळेपासून आणि घरापासून झालेलं होतं. म्हणजे विभाग या कॉलमने समितीवरचा आरोप दूर केला, पण स्त्रियांचं नुकसान कुठे झालं याचा माग त्याच कॉलममधून लागला. एकट्या लिंगवार आकड्याला तेवढ्यावरून खोटं म्हणता येत नाही. स्त्रियांच्या वाट्याला एकूण कमी जागा आल्या हे त्यानेच सांगितलं, आणि ज्याला विद्यापीठातल्या एकूण संधींची काळजी आहे त्याच्या कामाचा तोच आकडा आहे.

म्हणून कोणतातरी एक स्तर निवडण्यापेक्षा सगळे स्तर एकाच उत्तरात मागवणं बरं, आणि तशी सोय गेली पंचवीसहून अधिक वर्षं उपलब्ध आहे. जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात ‘डेटा क्यूब’ची कल्पना मांडली आणि 1999 च्या एसक्यूएल प्रमाणकात ‘रोलअप’, ‘क्यूब’ आणि ‘ग्रुपिंग सेट्स’ आले. ‘ग्रुप बाय क्यूब(विभाग, लिंग)’ म्हटलं की जोडीवार 12 ओळी, विभागवार 6, लिंगवार 2 आणि सगळ्यांची मिळून 1, अशा 21 ओळी एकाच क्वेरीतून येतात. दोन कॉलमांचे चार प्रकारचे गट, तीनांचे आठ, चारांचे सोळा. ‘रोलअप’ यांतले मोजकेच स्तर देतं आणि तिथे कॉलमांचा क्रम महत्त्वाचा असतो. ‘रोलअप(विभाग, लिंग)’मध्ये विभागाची बेरीज मिळते, लिंगाची मिळत नाही, आणि बर्कलीच्या वादात नेमकी तीच हवी होती. बेरजेच्या ओळीत जो कॉलम गुंडाळला गेला त्याच्या जागी नल छापलं जातं, त्यामुळे ‘सर्व लिंगं’ आणि ‘लिंग भरलेलं नाही’ या ओळी सारख्याच दिसतात. त्या वेगळ्या ओळखायला ‘ग्रुपिंग’ हे फंक्शन आहे, आणि ते न वापरता ‘क्यूब’चा अहवाल कुणाच्या हाती देऊ नये असं माझं ठाम मत आहे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ही सोय 9.5 आवृत्तीपासून, म्हणजे 2016 पासून आहे. तरीही अनेक ठिकाणी चार वेगळ्या क्वेरी लिहून त्यांची उत्तरं स्प्रेडशीटमध्ये हाताने चिकटवली जातात आणि चारांपैकी एका क्वेरीत तारखेची अट वेगळी राहून जाते.

हे सगळे स्तर पाहता येतात ते मूळ नोंदी, किंवा निदान जोडीवार मोजण्या, कुणीतरी जपून ठेवल्या असतील तरच. बर्कलीच्या सहा विभागांची माहिती आज आर या संख्याशास्त्रीय भाषेबरोबर नमुना म्हणून मिळते. सहा विभाग, दोन लिंगं आणि मंजूर की नामंजूर हे दोन निकाल, असे सगळे मिळून 24 आकडे. एवढ्या 24 आकड्यांतून आठही प्रकारचे गट कुणालाही पाडून पाहता येतात आणि या लेखातला प्रत्येक सहा-विभागी हिशेब तपासता येतो. विद्यापीठाने फक्त लिंगवार दोन ओळी ठेवून बाकीचं फेकून दिलं असतं तर वाद आजही तिथेच अडला असता. अर्जदारांचे गुण किंवा आधीचं शिक्षण हे कॉलम मात्र त्या 24 आकड्यांत नाहीत. त्यामुळे ए विभागातल्या त्या 108 स्त्रिया 825 पुरुषांपेक्षा अधिक तयारीच्या होत्या म्हणून त्यांचा दर 82 टक्क्यांवर गेला की आणखी कशामुळे, हे विचारायला त्या तक्त्यात जागा नाही.